पाच मिनिटांचं काम

४ फेब्रुवारी
सासरे अत्यवस्थ. मेहुण्याचा फोन आला तसे आम्ही दोघं निघालो. अर्ध्या वाटेत पुढचं टायर फुटलं. मी ब्रेक न मारता स्टीअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली. हे प्रसंगावधान बायकोच्या लक्षात आलं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

पुढचं किरकोळ. आधी जॅक लावला, तर नट फिरवताना चाकच फिरायला लागलं. मग मागे दगड न लावल्यामुळे गाडी जॅकवरून घसरली. स्टेपनीत हवा नव्हती. मध्येच एक वयस्कर जोडपं मोटार थांबवून ताईंना पुढे सोडतो म्हणालं. मी नको म्हणालो. पाच मिनिटांचं काम.

शेवटी एका ट्रकवाल्याने हवा भरून दिली. साडेतीन तास गेले. आम्ही पोचायच्या चाळीस मिनिटं आधी सासरे गेले.

१७ फेब्रुवारी
एकटाच परत. ती काही दिवस आईजवळ राहणार. माझ्याशी बोलत नाही. दुःखात माणूस असाच वागतो.

१८ फेब्रुवारी
पंक्चरवाल्याला झापायला गेलो. तो म्हणाला, स्टेपनीत हवा भरा असं दोनदा सांगितलं होतं. या लोकांना तोंड फार.

२० फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प. रोज एकदा चाक बदलायचं. आधी दगड, मग नट ढिले, मग जॅक. ५२ मिनिटं. कंबर धरली.

२७ फेब्रुवारी
३१ मिनिटं. शेजारचे काका विचारत होते, रोज पंक्चर होतं कसं. तिला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, झोपलीय. सकाळचे अकरा वाजले होते. मागे तिचा आवाज आला. टीव्ही असेल.

९ मार्च
१४ मिनिटं. तिला मेसेजमध्ये फक्त आकडा पाठवला. वाचला, उत्तर नाही. भारावली असावी.
सवयीने चहा दोन कप केला. दोन्ही मीच प्यायलो. घर खायला उठतं.

१५ मार्च
११ मिनिटं. उद्या तिला आणायला जातोय. स्टेपनीतली हवा तपासली. वाटेत टायर फुटलं तर बरंच, येताना ती बघेल तरी.

१६ मार्च
फुटलं नाही.
तिला सगळं सांगितलं. अंगणात चाक काढून दाखवू का, असंही विचारलं. ती शांतपणे म्हणाली, टायर कुणाचंही फुटतं. त्या जोडप्याच्या मोटारीत मागची सीट रिकामी होती. मी दारही उघडलं होतं, तुम्ही ते लावलंत. बाबा शेवटपर्यंत विचारत होते, आली का.
मी म्हणालो, पण पाच मिनिटांचंच काम होतं. तोंडातून निघून गेलं.
ती उठून आत गेली. सासूबाईंनी चहा विचारला.

परतताना त्याच जागी गाडी थांबवली आणि त्या दिवशी बायको उभी होती तिथे जाऊन उभा राहिलो. तासाभरात चौसष्ट मोटारी गेल्या. बहुतेकींत मागची सीट रिकामी होती.