आवडाबाईच्या पिठाचं ब्रीफ

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात.
आमच्या जाहिरात कंपनीला नवा क्लायंट. शहाडचे हितेशभाऊ. पूर्वी शेतं होती, आता त्यावर इमारती आहेत. भाकरीसाठी तांदळाचं पीठ बाजारात आणतायत, आईच्या नावाने: 'आवडाबाई'. खडवलीच्या भावनाताई नदीकाठी चूल मांडून रेसिपी दाखवतात, तीन लाख फॉलोअर्स. त्या आपल्या पिठाची रील करणार. त्यांनी काय करायचं, काय बोलायचं, ते लिहून देणार मी. यालाच ब्रीफ म्हणतात. अख्ख्या नौपाड्यात माझ्यासारखं ब्रीफ लिहिणारा दुसरा नाही. मागचे तीन क्रिएटर अर्ध्यात सोडून गेले, पण त्यांना वाचनाची सवयच नव्हती.
निशिगंधा मॅडम (बॉस. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण मी मनावर घेत नाही) म्हणाल्या, अनिमेष, हे कॅम्पेन होऊ दे, मग आपण बसून बोलू. प्रमोशनच असणार. बायकोला सांगितलं. क्षिप्रा म्हणाली, अरे, त्या नक्की कुठल्या सुरात म्हणाल्या? बँकेतल्या माणसांचा कशावर विश्वासच नसतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ब्रीफ सतरा पानं. संकल्प पाचचा होता, पण 'सगळं नैसर्गिक वाटावं' या एका मुद्द्यालाच चार लागली. कुठे हसायचं, पदर कधी सावरायचा, नदी किती सेकंद दाखवायची, सगळं दिलंय. एक मुद्दा पूर्णपणे माझा: 'थंड पाण्यात, दोन मिनिटांत भाकरी!' हितेशभाऊंनी असं काही सांगितलेलं नाही. पण आजकाल वेळ कोणाला आहे?

८ नोव्हेंबर, शनिवार
भावनाताईंचा व्हॉइस मेसेज. दादा, वाचलं. दोनदा वाचलं. पण मी बोलायचं काय? आणि तुम्ही या पिठाची भाकर खाल्लीय का?
खाण्याचा ब्रीफशी संबंध नाही, असं कळवलं. आणखी शंका नकोत म्हणून पाच पानांचं स्पष्टीकरण जोडलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
खडवलीला गेलेलो. भावनाताईंनी चहा दिला, परात घेतली, थंड पाण्यात पीठ मळलं. भाकरी थापली, उचलली आणि ती हातातच तुटली. दुसरीही. त्या म्हणाल्या, दादा, याला उकळतं पाणी लागतं, माझ्या सात वर्षांच्या पोरीला पण माहितीय. पीठ चांगलंय हो. गरम पाण्यात करू?
मी म्हटलं, क्लायंटची सही झालीय. (झालीय. वाचलं असेलच.)
त्यांनी तुटलेले तुकडे परातीत गोळा केले. मग म्हणाल्या, तीन लाख बायका बघतात मला. त्यांना खोटं कसं दाखवू?
मी करार दाखवला.
परतताना छातीत कसंतरी होत होतं. अ‍ॅसिडिटी असावी. उद्यापासून चहा बंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रील आली. शब्दन् शब्द ब्रीफप्रमाणे. भावनाताई जिथे लिहिलंय तिथेच हसल्या. तुटलेली भाकरीही दाखवली. ती कापून टाका असं मी कुठे लिहिलं नव्हतं. पुढच्या वेळी लिहीन.
तासाभरात चारशे कमेंट. 'ताई, तुम्ही पण?' हीच जास्त. एंगेजमेंट उत्तम.

१७ नोव्हेंबर, सोमवार
हितेशभाऊ ऑफिसात आलेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची दिली, तर बसलेही नाहीत. म्हणाले, "साहेब, माजे आयचे नावाची भाकर मोरली तुमी. ती दोन दिस जेवली नाय."
मोरली म्हणजे मोडली. मी म्हटलं, आईंना कमेंट वाचून दाखवायला नको होत्या. मॅडमनी मला बाहेर जायला सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
आवडाबाई स्वतः खडवलीला गेल्या. नवी रील आलीय. आधी भावनाताई हात जोडून म्हणतात, मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं दाखवलं, माफ करा. मग म्हातारी उकळत्या पाण्यात पीठ कालवते आणि त्यांनाच दटावते, "हलू थाप गो पोरी." भाकरी टम्म फुगली. नऊ लाखांनी पाहिली. ब्रीफ नव्हतं.
क्षिप्राने तीनदा पाहिली, डोळे पुसले. मी म्हटलं, शेवट जरा ढिसाळ आहे. ती उठून आत गेली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मॅडमशी बसून बोलणं झालं. दहा मिनिटं. प्रमोशन नव्हतं.
क्षिप्राला 'ब्रेक घेतोय' असं सांगायचं ठरवलेलं. वाक्य छान जमलेलं. तिने दार उघडलं, ऑफिसातल्या टेबलावरच्या सामानाची पिशवी पाहिली आणि माझ्या हातातून घेतली. वाक्य राहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार, सकाळी दहा
भावनाताईंना फोन केला. त्यांना आता बरेच ब्रँड विचारतायत, मदतीला कोणीतरी लागेलच. आधी सॉरी म्हणायचं होतं. लिहून ठेवलेलं. पण त्यांनी, दादा, नाश्ता झाला का, असं विचारलं आणि मी ते विसरलोच. कामाचंच बोललो. त्या म्हणाल्या, बघते ना. फक्त एका ओळीत लिहून पाठवा, तुम्हाला काय येतं ते.
एकच ओळ. आत्ता पाठवतो.

दुपारी दोन
'आदरणीय भावनाताई' लिहून झालं.

संध्याकाळी साडेपाच
'आदरणीय' खोडलं.