यांची अक्षरं

प्रिय क्लेमेंटदादा,

एक्सेटरकडे जाणारा गाडीवान खाली घोडे जुंपतो आहे, म्हणून घाईत लिहिते. यांची शाळा ईस्टरलाच बंद झाली. खाटीक पिकरिंगची बायको दारात येऊन म्हणाली, "मास्तर, तुमच्या त्या नव्या अक्षरांत पोरगा झरझर वाचतो, पण बायबल समोर ठेवलं की आंधळा. काय करू मी त्याचं?" मग एकेकाने मुलं काढून घेतली.

तू गेल्यावर यांनी इंग्रजीचं व्याकरणही लिहून काढलं. छापखानेवाला हसला. "आईच्या दुधाबरोबर येते त्या भाषेला कसलं व्याकरण? ते लॅटिनला असतं." घरी येऊन हे अंगरखा न काढताच बसून राहिले.

तुम्ही दोघं जेवताना मुक्या अक्षरांना शिव्या घालायचात, ते आठवतं. "शब्दात जागा अडवायची आणि तोंड उघडायचं नाही, असले फुकटे पाहुणे," असं हे म्हणायचे, आणि तू छपाईसाठी एकेका उच्चाराचं नवं अक्षर कोरून आणायचास. मग ते भांडण. बोलतो तसं लिहायचं, पण कोण बोलतो तसं? लंडनचा माणूस की आपला डेव्हनचा? "माझ्या आईचं बोलणं चुकीचं ठरवायला मी अक्षरं कोरली नाहीत," म्हणून तू उठलास. यांनी तुला थांबवलं नाही. मी तरी कुणाच्या बाजूने बोलणार होते?

मी थकले रे. उन्हाळ्यात हे जिन्यात कोसळले. डावं अंग गेलं, वाचाही गेली. भरवते, कूस बदलते, चादरी धुते. उजवा हात चालतो, त्याने पाटीवर सारखं लिहितात, पण सगळं त्या नव्या अक्षरांत. जुन्यात लिहा म्हटलं की मान फिरवतात. मी ती कधी शिकलेच नाही. बोलणारा माणूस घरात होता, शिकायची गरज काय पडली होती? शिकलेल्या मुलांना दुसऱ्या शाळेत छडीखाली ती विसरायला लावली.

काल पाटी पुसायला घेतली तर यांनी माझं मनगट घट्ट धरलं, सोडेचनात. पाणी मागत असतील, नाहीतर मला काही सांगायचं असेल. पाटी तशीच फळीवर ठेवली आहे. भांडण मिटव असं मी म्हणत नाही, दादा. त्यांच्याशी बोलूही नकोस हवं तर. फक्त ये, आणि माझा नवरा काय म्हणतोय ते मला वाचून दाखव.

तुझीच,
थॉमसिन