देव ज्यांच्या पायांनी चालतो

बाबा, काल तुझ्या नातीने मला विचारलं, "मम्मी, तुका आधी कळला असता, तर तू माका जल्माक घातलं असतंस?" साखळीच्या आमच्या स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तू उभा राहायचास तशी, सगळा भार एका बाजूला टाकून. मी काय उत्तर दिलं ते लिहितेच, पण आधी तुला बाकीचं कळायला हवं. तू गेलास तेव्हा आपल्या घरात यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

तिचे खुबे दुखतात. कॉलेजात जाणारी पोर जिना चढताना कठडा धरते आणि मैत्रिणींना सांगते, मला घाई नाही. डॉक्टरबाईंनी तिचं आणि माझं, दोघींचं रक्त तपासायला पाठवलं. दोघींच्या एकाच जनुकात, एकाच जागी, सारखाच बदल निघाला. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, लहानपणी हाड वाढतं तेही तिच्यातूनच. त्या कूर्चेत एक प्रथिन लागतं, आणि ते कसं घडवायचं हे जनुकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे तिथेच चूक आहे. प्रथिनाची घडी नीट बसत नाही, म्हणून ते पेशीतून बाहेर पडत नाही. आत साठत जातं आणि पेशी मरते. मग हाडाचं टोक गोल व्हायच्या ऐवजी चपटं होतं, वाटीत नीट बसत नाही आणि फिरून फिरून झिजतं. "औषध?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, औषध नाही. वजन वाढू द्यायचं नाही, पोहायचं, आणि सोसवेल तोवर ऑपरेशन लांबवायचं, कारण बसवलेला सांधाही झिजतो.

हे माझ्या वडिलांकडून आलं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांची चाल कशी होती?" मी उठले आणि त्या लहानशा खोलीत तुझ्यासारखी चालून दाखवली. कोपरं थोडी बाहेर, कंबर इकडून तिकडे. तुझी नात खाली बघत राहिली. बाई म्हणाल्या, "मग बहुतेक त्यांच्याकडूनच." जनुकाच्या जोडीतली एक प्रत बिघडलेली असली की पुरे. प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. यात दोष कुणाचा नाही, असंही त्या म्हणाल्या. घरी येताना बसमध्ये मी तेच वाक्य मनात घोळवत होते आणि त्याने मला काडीचाही धीर आला नाही.

तुझं कारण वेगळं होतं. पेडण्यातल्या आपल्या गावच्या वेताळाला दरवर्षी चामड्याच्या नव्या वहाणा द्यायचा मान आपल्या घराचा. गावाची राखण करत तो फिरतो म्हणून जुन्या झिजतात, हे तर सगळेच मानायचे. तू त्यात आपलं जोडलं होतंस. "देव आमच्या पायांनी चलता गो. झिजतले नाय तर काय होतला?" आजोबा शेवटी बसल्या जागेवरून सरकत चुलीपर्यंत यायचे, त्यालाही तू मानच म्हणायचास. तिठ्यावरची म्हातारी आपल्याला बघून ओरडायची, "बदकां इली, वाट सोडा रे!" आणि तू उलट विचारायचास, "बदकाक उडाक येता. तुका येता काय गो?" मी खूप हसायचे.

तुझ्या बसमध्ये मी दारामागच्या सीटवर बसलेली असायची. पेडणे ते म्हापसा तू उभाच. दांडी धरून, "फुडे वच, फुडे वच" करत. एवढे पाय दुखत असताना कंडक्टरचीच नोकरी का, असं मी एकदा विचारलं. "चलत्या बशीत सगळेच डोलतत," तू म्हणालास. "माझा डोलणा कोणाक दिसता?" आज विचारते. मान होता, तर लपवत का होतास?

मी पाच-सहा वर्षांची असताना माझी चाल तुझ्यासारखी व्हायला लागली, तेव्हा तू देवळात जाऊन कौल लावलास. पुजाऱ्याने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि उजवी पडली. म्हणजे देव हो म्हणाला. तू धावत घरी आलास, म्हणजे तुला जमेल तसा. आई आंबोळ्या घालत होती. तू तिला सांगितलंस, "माझ्या चेडवाक सोड, व्हये तर माझे दोनय पाय घे, असा देवाक सांगितलंय."

"दोनय कित्याक दिलंस?" आई म्हणाली. "एक तरी ठेवचो. बशीत काय आता देव उभो रवतलो?"

तू खदखदून हसलास. त्यानंतर कितीतरी वर्षं दुखण्याबद्दल तुझ्या तोंडून अवाक्षर आलं नाही. तू ठरलेलं देत होतास. मग माझाही खुबा कॉलेजच्या जिन्यावर अडकला, मला उचलून खाली आणावं लागलं. त्या वर्षी वहाणा चुलतभावाच्या हाती पाठवल्यास. तू अंगणात पाठ करून बसलास आणि मी चहा आणून ठेवला तो निवून गेला.

बाबा, तू कौल लावलास तेव्हा ते माझ्यात होतंच. पाकळी पडायच्या कितीतरी आधी, मी जन्मायच्याही आधी ठरून गेलेलं. देवाकडे मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि माझ्याकडे तर देवही नाही, रक्ततपासणीचा कागद आहे. हे पोरीला मान म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. निम्मी शक्यता म्हणून सांगितलं, तर तिने हा प्रश्न केला. पुढे तिला स्वतःच्या मुलांबद्दल ठरवायचं आहे, म्हणूनच तर विचारते आहे. तू आजोबांना सरकताना बघितलं होतंस. तरी मी झाले. तुला एकदा तरी वाटलं होतं का, की नको? ते कळलं असतं तर तिला सांगायला माझ्याकडे काही असतं.

मी "हो" म्हटलं. पण लगेच नाही. हात कणकेत तसेच राहिले.

"थांबलंस गो मम्मी," ती म्हणाली. रागावली नाही. पिशवी उचलून पणजीच्या बसला गेली. कालपासून फोन उचलत नाही.

त्या थांबण्यात मला तिची ऑपरेशनं दिसली, एकामागून एक. ती ऑपरेशनं टाळायची तर उत्तर "नाही" हवं होतं. मग तिच्याशिवायचं घर डोळ्यांसमोर आणून बघितलं. ते मला सोसवेना, म्हणून "हो" म्हटलं. तिच्या दुखण्याचा विचार करून दिलेलं ते उत्तर नव्हतं, माझ्या गरजेचं होतं.

सकाळी हे मी तिलाच लिहायला बसले होते. पहिल्या ओळीत तिचं नाव घालणं जमलं नाही, तुला हाक मारली.