जाहिरातीतली डॉक्टरीण

अब्बा,

लासूर स्टेशनच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी लोक तुम्हाला ‘डॉक्टरसाब’ म्हणायचे. तुम्ही पुड्या बांधता बांधता, न कंटाळता, प्रत्येकाला सांगायचात, ‘‘मी कंपाउंडर हाय. डॉक्टर आत हायेत.’’ एकदा मी खुंटीवरचा कोट अंगात घालून बाकावरच्या एका बाईला ‘जीभ दाखवा’ म्हटलं. तिनं खरंच दाखवली. सगळे हसले, तुम्ही नाही. ‘‘बेटा, आजारी माणूस कोटावर इमान ठेवतो,’’ म्हणालात आणि कोट काढून घेतलात. मला त्याचा फार राग आला होता.

आता मी संभाजीनगरात जाहिरातींत छोटी कामं करते. गेल्या वर्षी साखरेच्या आजारावरच्या एका पुडीसाठी डॉक्टरीण झाले. ‘ही पुडी घ्या, सुया विसरा,’ एवढंच मला म्हणायचं होतं. डॉक्टरच्या वेशात कलाकार असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, जाहिरातीच्याच भाषेत, वाचता येईल अशा अक्षरांत. हा नियम मला ठाऊक होता. मी विचारलंही. दिग्दर्शक म्हणाला, ‘‘टाकतो ना मॅडम खाली, इंग्लिशमध्ये. कौन पढता है?’’ मुंगीएवढी अक्षरं आली आणि गेली. अशा आजारावर असला दावाच कायद्यात बसत नाही, हे नंतर कळलं. पुढचं काम जाईल म्हणून मी तोंड शिवून बसले.

काल बसस्टँडवर एका मावशीनं मला ओळखलं. देवगाव रंगारीच्या, पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. ‘‘तुम्हीच ना त्या डॉक्टरीणबाई? तुमच्या सांगण्यावरनं इन्सुलिनच्या सुया बंद केल्या बगा. लई पोटात गोळा यायचा.’’ अंगठा काळा पडलाय का, तेवढंच मी बघतेय. ‘‘मावशी, सुया आजच चालू करा, उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना पाय दाखवा,’’ म्हटलं. ‘‘व्हय, तुम्ही म्हणता तर करते,’’ म्हणत त्यांनी मनगट पुढं केलं. आणि अब्बा, मी नाडी धरली. तेवढ्यात कन्नडची बस लागली, त्या चढल्या. नाव नाही, नंबर नाही. त्यांनी सुई घेतली की नाही, कुणाला विचारू?

मी नटी आहे म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, अशी कालपासून मनाची समजूत घालतेय. ती खोटी आहे. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते: त्यांचं मनगट हातात होतं तेव्हा, घटकाभर, मला फार बरं वाटलं.