तुमच्या घरातली वरची खोली

गुरुजी, तुमच्या घरातली वरची खोली आम्ही घेतली. तुम्हाला कळावं म्हणून लिहून राहिले. तिसरीतून हाकललेली मी, अक्षर वाकडं येणार. सोसून घ्या.

माझी नात नांदेडात शिकते. तिला भाकरी करून घालायला मी सोबत राहते. सध्या ती एका संस्थेत इंटर्नशिप करून राहिली. म्हणजे काम पुरं आन् पगार न्हाई, असं मी समजून घेतलंय. अठरा भरली की बालगृहातल्या लेकरांना बाहेर पडावं लागतं. मग त्यांना खोली बघून देणं, बँकेत नेणं, पायावर उभी होईस्तोवर पाठीशी राहणं, हे त्या संस्थेचं काम. नातीकडं एक पोरगी दिलेली. नर्सिंगला नंबर लागलेला, बालगृह सोडायची वेळ आलेली, आन् राहायला जागा न्हाई. जागा न्हाई तर शिक्षणही न्हाई. ज्या दारात जावं तिथं एकच, "आडनाव काय? आईवडील कुठले?" पोरगी खरं सांगायची, "माहीत न्हाई." की दार बंद. नात रडकुंडीला आली तेव्हा म्हटलं, चल, मीच येते.

विष्णुपुरीच्या रस्त्याला एका घरात शिरलो, तर भिंतीवरच्या फोटोत हार घालून तुम्ही! मिशा त्याच. माझं अंग तापलं. दुष्काळाचं साल डोळ्यापुढं आलं. विहिरी आटलेल्या, शाळेच्या रांजणात तळाला पाणी, आन् मी वाकून ओंजळ भरते. तुम्ही मागून येता, पट्टी उचलता. "जयभीमवाल्याची पोर रांजण बाटवती?" माझी पाटी दाराबाहेर जाऊन फुटते. "जा, खडी फोडायला जा, तेवढंच जमंल तुला." गेले की, बापासंगं, दुष्काळी कामावर. पुढं लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमाराला तुम्ही नांदेडला घर बांधून गेलात. आमच्या गावी, जळकोटाकडं, कुणी तुमचं नाव काढलं की मी अजून थुंकते. नातीला हे सगळं लहानपणापासून तोंडपाठ.

तुमच्या सूनबाईंनीही तेच विचारलं, "आडनाव?" पोरीनं मान खाली घातली. मी फोटोपुढं जाऊन हात जोडले. "अगं बाई, हे तर आमचे गुरुजी!"

"तुम्ही मामंजींच्या विद्यार्थिनी?"

"हाव! पोरांच्या आधी मला पुढं बसवायचे. तहान लागली तर सोताच्या हातानं पाणी द्यायचे. जात तर कधी कुणाची विचारली न्हाई. लई मोठा माणूस."

सूनबाईंनी पदर डोळ्याला लावला. "घरात कुणाशी धड बोलले नाहीत हो. बाहेर इतके चांगले होते?"

"लई! अशी बिनआईबापाची लेक दारात आली असती, तर आडनाव न विचारता ठेवून घेतली असती त्यांनी."

बाई उठल्या, वरची खोली उघडून दाखवली. चावी दिली. जिन्यात नात कुजबुजली, "आज्जी, किती खोटं बोललीस!" म्हटलं, "गप बस. संस्थेत सांगू नको."

आता पोरगी तुमच्या माठातलं पाणी पिते, गुरुजी. तुमच्या फोटोखाली बसून अभ्यास करते. सूनबाई तिला ताट वाढतात आन् शेजारणींना सांगतात, आमच्या मामंजींनी जात कधी मानली न्हाई. मी तुम्हाला जबरदस्तीनं चांगलं केलं. आता मनात आणलं तरी वाईट होता यायचं न्हाई. बसा हार घालून.

पत्र धाडायचं न्हाई. पत्ता हाय, पण फोडतील सूनबाई, आन् पोरगी परत रस्त्यावर येईल. एक तेवढं सांगते. "मला पुढं बसवायचे" असं म्हणताना मी डोळे पुसले होते. नातीला वाटलं, आज्जी काय सोंग करते. ते सोंग नव्हतं.