दौलतचं लंघन

९ नोव्हेंबर, रविवार

आजपासून मी शहरवासी. अजिंठ्याच्या स्टँडवर बाबा चहाची टपरी सोडून मला बसवून द्यायला आले होते. वाटलं होतं एस.टी. हलली की रडू फुटेल. प्रत्यक्षात सिल्लोड येईपर्यंत आईनं दिलेले धपाटे फस्त झाले होते आणि मी खिडकीला डोकं टेकून घोरत होते. शेजारच्या बाईंनी सांगितलं म्हणून कळलं.

खोली पुंडलिकनगरात, वरच्या मजल्यावर, स्वतंत्र जिना. काम तेच, बियाण्यांच्या कंपनीसाठी शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, लॅपटॉपवर, घरूनच. गावात नेट टिकत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. खाली घरमालक केसरबाई आणि काकासाहेब. मी काकू-काकाच म्हणते. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. काकूंनी चहाआधीच विचारून घेतलं की मटण-मच्छी खाती का, कारण या घरात ते आजवर आलेलं नाय, अंडंसुद्धा नाय. मी म्हणाले, नाही खात. इतक्या गोड आवाजात म्हणाले की मलाच खरं वाटलं. दिवसभर फोनवर "हो दादा, तक्रार नोंदवून घेतली" म्हणून म्हणून हा आवाज तयार झालाय. तक्रार नोंदवलेली असो वा नसो.

घरात दौलत नावाचा कुत्रा आहे. काकांना दौलताबादला किल्ल्याखाली पिल्लू असताना सापडला, म्हणून दौलत. तांबडा गावठी, एक कान उभा, दुसरा पडलेला, चेहऱ्यावर कायम काहीतरी विसरल्याचा भाव. मी आल्या आल्या माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपला. मला घर आवडलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काका-काकू नाशिकला गेले. लेक संस्कृती, तिचे दिवस भरत आलेत. खालची किल्ली आणि दौलत माझ्याकडे.

जाताना काकूंनी एक पद्धत शिकवली. घरात कुणीही घास तोंडात घालायच्या आधी पहिलं ताजं पान दौलतला. पितळी ताटलीत भाकरी-भाजी, मागच्या दाराच्या पायरीवर ठेवायची, "जेवून घ्या" म्हणायचं आणि पाठ फिरवायची. ते जेवत असताना बघायचं नाही. कुत्र्याला अहो-जाहो कशाला, म्हणून मला हसू आलं. तर काकू म्हणाल्या, ते पान दौलतचं नाय, मामंजींचं आहे. मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, धोंडिबा. हयात असेपर्यंत त्यांच्याआधी या घरात कुणी जेवलं नाही. ते गेले तरी पान थांबलं नाही. जेवतो दौलत, पोट भरतं मामंजींचं. हे त्यांनी नळाला पाणी कोणत्या वारी येतं ते सांगावं तसं सांगितलं, आणि लगेच नळाचंही सांगितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आमचं छान जमलंय. सकाळी ताटली ठेवते, "जेवून घ्या" म्हणते, पाठ फिरवते, मागं मचमच आवाज येतो. मग मी जेवते. दुपारी दौलत माझ्या टेबलाखाली. आज एक शेतकरी कपाशीवरून फार चिडला होता, तर दौलतनं खालून असा काही सुस्कारा टाकला की तोच विचारायला लागला, ताई, बऱ्या आहात ना?

शेजारच्या दगडाबाई भिंतीवरून गप्पा मारतात. त्यांच्या मते मी लई वाळलेली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मी माती खाल्ली.

इतके दिवस पिठलं, शेपू, वरण, पुन्हा पिठलं. दुपारी ऑफिसातल्या कुणीतरी नान खलियाचा, म्हणजे मटणाचा लालभडक रस्सा आणि नान, असा फोटो टाकला आणि मी ऑर्डर करून मोकळी झाले. पार्सल वर आणायचं, तर समोरच्या गॅलरीत दगडाबाई वाळवण घालत होत्या. वास गेला असता. म्हणून काकूंच्या स्वयंपाकघरात, दार लावून, उभ्या उभ्या खाल्लं. दौलतचं पान आधी वाढायचं होतं, ते राहिलं. खरं सांगायचं तर आठवलं होतं. भूक लागली होती म्हणून राहू दिलं.

उरलेली तर्री, चोखलेली हाडं, नानचे तुकडे. कचऱ्यात टाकले तर घंटागाडीपाशी सगळ्या गल्लीला कळणार. म्हणून ते सगळं पितळी ताटलीत ओतलं आणि पायरीवर ठेवलं. माझं उष्टं, माळकऱ्याच्या पानात. "जेवून घ्या"सुद्धा म्हणाले, वर हसले.

दौलतनं आधी माझ्याकडं बघितलं. मी पाठ फिरवली. ताटली चकचकीत झाली.

१६ नोव्हेंबर, रविवार

दौलतला पहाटेपासून उलट्या. मग जुलाब. अंगण धुतलं, परत धुतलं. तो बिचारा प्रत्येक वेळी कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसतो, जणू चूक त्याची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जनावरांच्या दवाखान्याला फोन केला. इंद्रजीत नावाचे तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी नीट समजावलं. आजचा दिवस लंघन, पोटात अन्न अजिबात नको. पाणी थोडं थोडं, सारखं, त्यात चिमूट मीठ-साखर. उलट्या थांबून एक दिवस झाला की तांदळाची पातळ पेज, मग मऊ भात आणि उकडलेला भोपळा, चमचाभर ताजं दही. दूध, तेल, माणसांच्या गोळ्या काही नको. हिरड्या ओल्या आहेत का बघायचं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसते का बघायचं. रक्त दिसलं किंवा मान टाकली तर तडक घेऊन यायचं. काय खाल्लं होतं, असंही विचारलं. मी म्हणाले, रस्त्यावर काहीतरी खाल्लं असेल.

संध्याकाळी काकूंचा फोन. संस्कृतीचं अजून काही नाही. मामंजी जेवले का? मी म्हणाले, हो काकू, जेवले. त्याच गोड आवाजात.

पितळी ताटली दिवसभर पालथी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उलट्या थांबल्या. हिरड्या ओल्या आहेत.

सकाळी ताटली पायरीवर नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती, उताणी. दौलतनं ओढली म्हणावं तर तो व्हरांड्यात पडून होता. मी ती परत पायरीवर ठेवली. दुपारी फोन घेत असताना ती खालच्या फरशीवर घासत येताना ऐकू आली. समोरचा शेतकरी बोलत होता, मी ऐकत होते ताटली.

खाली गेले. ताटली मी रोज जेवायला बसते त्या पाटासमोर. दौलत उठून भिंतीला चिकटून उभा, शेपूट पोटाशी. घरात वडीलधारं माणूस आलं की पोरं सरकून जागा देतात ना, तसा सरकला होता.

आणि भूक. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, परत पोहे. तरी पोटात खड्डा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पेज केली. मऊ, पातळ, सांगितल्याप्रमाणे. ताटलीत ओतून दौलतसमोर ठेवली. त्याला पाजायचं म्हणून, आणि मनातून माफी मागायची म्हणूनही. "जेवून घ्या" म्हणाले, पाठ फिरवली. मागं लपलप आवाज. इतकं बरं वाटलं.

वळून बघितलं तर ताटली चाटूनपुसून स्वच्छ. दौलत तिकडं फाटकाजवळ, गजांतून बाहेर तोंड काढून उभा. माझे गुडघे फरशीवर टेकलेले होते. हनुवटीवरून पेज गळत होती.

काहीतरी चक्कर आली असेल. उपाशी तर मी नाही.

काकूंनी विचारलं, जेवले का? हो म्हणाले. हे मात्र खरंच होतं, आणि म्हणताना इतकी शरम वाटली की फोन ठेवून तोंड धुतलं. तीनदा धुतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भोपळा उकडला. वाटीतून, हातानं भरवू म्हटलं, ताटली नकोच. घास त्याच्या तोंडाशी नेला. पुढचं आठवतं ते माझी बोटं मी चाटत होते. दौलत लांब बसून बघत होता. रागानं नाही. त्याला माझी कीव येत असावी.

त्याची कातडी चिमटीतून सोडली की आता हळू बसते. पोरगं माझ्यामुळं उपाशी मरतंय.

दगडाबाई भिंतीवरून म्हणाल्या, कुत्रं लई उतरलंय, द्या माझ्याकडं दोन दिवस, भात-दही खाऊ घालती. देऊन टाकायला हवं होतं. पण त्या काकूंना फोन करणार, काकू विचारणार, काय खाल्लं. नाही म्हणाले. मीच करते म्हणाले.

मग धीर करून काकूंना सांगितलं. अर्धंच. दौलतचं पोट बिघडलं, एक दिवस पान चुकलं, घरात काहीतरी विचित्र वाटतंय. मटणाचं नाही सांगितलं. शब्द ओठांवर आले आणि मागं गेले. काकू म्हणाल्या, भिऊ नको पोरी, माझा सासरा देवमाणूस व्हता, भात-भाकरीशिवाय काय मागायचा नाय. दौलतला मातर दूर करू नको, जवळच ठेव, तो शेजारी असला की मामंजी शांत ऱ्हातात.

खरं ऐकलं असतं तर हेच सांगितलं असतं का?

२० नोव्हेंबर, गुरुवार

दौलतला वर माझ्या खोलीत घेतलं. तो निमूट आला. भाताचं पान केलं, तूप घातलं, हात जोडले.

भात तसाच राहिला. कुणीच शिवलं नाही.

भात नकोय. माझ्या उष्ट्यानं मामंजींना चव लागलीय — आयुष्यभर जे तोंडात घातलं नाही ते मी घातलं.

खलिया मागवला. ताटलीत ओतून फरशीवर बसून खाल्ला, मीच, हाडांसकट. तासाभरात सगळं उलटून पडलं. परत मागवला. परत तेच. शिजवलेलं टिकत नाही.

आज फोन घेतले नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

दौलत बरा झाला. मला न विचारता दगडाबाईंनी फाटकातून दहीभात चारला, तो बसला, पचला. उड्या मारत जिना चढून आला, मला दाखवायला. शेपूट नुसती फिरतेय. पोट परत भरलेलं — हात ठेवला तर ऊब —

तोंडाला पाणी सुटलं.

लिहायलाही लाज वाटते. पण सुटलं.

काकूंना फोन लावला, सगळं सांगायचंच म्हणून. तिकडं गलका. संस्कृतीला मुलगी झाली. काका रडत होते, काकू रडत होत्या, पेढे मागवत होत्या. सगळं नीट हाय ना गं? मी म्हणाले, हो काकू. सगळं नीट.

कसं सांगणार होते — अशा वेळी —

नंतर

बाथरूममध्ये आहे. कडी आतून. दौलत बाहेर.

वही बरोबर आणली. काकू, हे तुम्हालाच लिहितेय. मटण मी आणलं. आधी मी खाल्लं. उष्टं मी वाढलं. तोंडानं सांगता आलं असतं, तुम्ही दौलतला दूर ने म्हणाला असता, दगडाबाई भिंतीपलीकडंच होत्या. अजूनही आहेत. कपडे आपटण्याचा आवाज येतोय. हाक मारली की येतील. आल्या की विचारतील, काय झालं. तोंड उघडते आणि — लाज. अजूनही लाजच आड येतेय, बघा.

तो दार खाजवतोय. त्याला वाटतंय मी अडकलेय. मला सोडवायला —

जा रे. दौलत, जा. हे मनात म्हणतेय. तोंडानं जमत नाही, तोंडात नुसती लाळ —

दाराखालून नाक आत घातलंय त्यानं. माझ्या पायाची बोटं चाटतोय.

डाव्या हातानं लिहितेय. उजवा कडीवर आहे. मी ठेवला नाही. काढतेय तर निघत —