रागिणीच्या मामांचं शंकानिवारण

श्रीयुत देवरावदादा यांस,

अमरावतीहून खुशालरावचा वाकून रामराम. (जवायानं साळ्यापुढे वाकायची आपल्या वऱ्हाडात रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोरीचं लग्न तोंडावर आलं की कणा आपोआप नरम होतो.) तुमचं ब्लडप्रेशर ठिकाणावर असेल, नवी कवळी हिरड्यांना रुळली असेल आणि अंजनगावच्या पानमळ्याला पाणी पुरत असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. तुमच्या बहिणीचे, पार्वताबाईचे, गुडघे सोडले तर घरात कोणी कुरकुर करत नाही.

आजच्या काळात हा माणूस पत्र काय लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की फोनवर तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तर सुरू झालं की फोन ठेवून देता. पत्राला ती सोय नाही. फाडायचं म्हटलं तरी चार ओळी आधी वाचल्या जातातच.

रागिणीनं अकोल्याच्या अनुप साळवेशी लग्न ठरवलं, मुलगा ख्रिस्ती निघाला, आणि त्याचे वडील शांतवनराव तर चर्चचे पाळकच निघाले, तेव्हापासून तुम्ही रुसलात. (पाळक म्हणजे त्यांचे पाद्री. हे मलाही आत्ताच कळलं.) "माह्या शंकेचे जवाब भेटल्याबिगर मी लग्नात पाय ठेवत नाही," हे तुमचे शब्द. तुमच्या बहिणीनं त्या दिवसापासून लग्नाच्या खरेदीचं नाव काढलेलं नाही. मामाच नाही तर साडी कोणाला दाखवू, म्हणते. म्हणून मागच्या रविवारी तुमच्या सगळ्या शंका तोंडपाठ करून मी अकोल्याची बस धरली. खबरदारी म्हणून जेवणाचा डबा सोबत घेतला होता. तिकडे ताटात काय येईल याचा भरवसा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा गाणं सुरू होतं. मला वाटलं होतं इंग्रजी असेल, सुटाबुटातली माणसं असतील. पाहतो तर पेटी, तबला, झांजा, आणि भजनाची चाल अशी की माझा हात आपोआप टाळीला गेला. बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. एक आजी तर हुबेहूब आपल्या मोठ्या आत्यासारखी, तशीच डुलक्या घेत होती. मी मागच्या बाकावर चपला काढून मांडी घालून बसलो. (बाकावर मांडी घालत नसतात, हे नंतर कळलं. चपला काढायची गरज नव्हती, हेही नंतर कळलं, आणि त्यातली एक सापडायला बराच वेळ लागला.)

शेवटी शांतवनराव पुढे उभे राहून काही वाटू लागले आणि लोकांनी रांग धरली. आता दादा, प्रसादाची रांग दिसल्यावर आपला माणूस बसून राहील का? मीही लागलो. माझी पाळी आली. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. शांतवनरावांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून प्रार्थना केली. मला वाटलं आधी आशीर्वाद, मग प्रसाद, अशी इकडची पद्धत असेल. म्हणून मी ओंजळ तशीच ठेवून उभा. रांग मागे तुंबली. शेवटी मी हळूच म्हणालो, "आन एक घरच्यासाठी बी द्या. तिचे गुडघे दुखतात, तिले येता नाही आलं." मागून कोणीतरी खोकलं. शांतवनरावांचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पार्वताबाईच्या गुडघ्यांसाठी, नाव घेऊन, चांगली लांब प्रार्थना केली. मी रिकामी ओंजळ घेऊन बाकावर परत आलो. ती आजी जागी झाली होती आणि पदर तोंडावर धरून हसत होती.

दुपारी त्यांच्याच घरी जेवायला बसलो. विहीणबाई माणिकबाईंनी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. ठेचा इतका जहाल की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांना वाटलं मी सकाळच्या प्रार्थनेनं भारावलो. डबा मी पिशवीतून बाहेरच काढला नाही. पण प्रसादाचा राग मनात होता, म्हणून तुमच्या शंका बाजूला ठेवून आधी माझीच काढली. म्हटलं, आमच्या देवळात प्रसाद देताना तू कोण, कुठला, असं कोणी विचारत नाही.

शांतवनराव म्हणाले, "इवाईबुवा, ते येशूच्या नावाची भाकर आमी ज्याईनं त्याच्यावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला त्याईले देतो. घरचं मीठ खाल्लं की शब्द पाळा लागते, तसं हाय ते. तुमाले शब्दात अडकवून कसं देऊ?" मग भाकरीचा तुकडा मोडत अगदी सहज म्हणाले, "आन देवळाचं म्हनता, तर माह्या आजोबाले विचारलं होतं. पायरीवरच." 

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दादा, त्या क्षणी मला आपल्या गावची पायरी आठवली आणि फार लाज वाटली. ती लाज लपवायला मी तुमची शंका विचारून टाकली, आणि तीही नेमकी नको ती. म्हटलं, लोक म्हणतात तुमच्या लोकांनी मिशनच्या गव्हासाठी आणि दुधाच्या पावडरीसाठी धर्म बदलला.

(माणिकबाईंनी वाढता हात थांबवला. मी मनातल्या मनात परतीची बस गाठली.)

शांतवनराव हसले. म्हणाले, "घेतली असन कोनी. भुकेलेल्यानं पावडर घेतली तर पाप थोडीच हाय? पन ते पावडर कवाच सरली इवाईबुवा, आन आमी अजून हाओ. आजोबा म्हनत, पायरीनं हाकललं म्हनून इकडे आलो हे खरं, पन राहिलो ते येशूच्या मायेनं."

त्यानंतर मला धीर आला. देव विलायती आहे, ही तुमची शंका टाकली, तर ते म्हणाले येशू जन्मला आशियात, विलायतेलासुद्धा तो बाहेरूनच गेला. भूगोलात मी कच्चा, त्यामुळे मुकाट्यानं मान्य केलं. मग देव एक की तीन? बाप, पुत्र, पवित्र आत्मा, हा काय हिशेब? इथे मी हुशारी दाखवून म्हणालो, समजलं, आमच्या दत्तासारखं. ते म्हणाले, तसं नाही. मी म्हणालो, मग मी एकटाच बाप, मुलगा आणि नवरा आहे, तसं असेल. ते म्हणाले, तसंही नाही, ही तर फार जुनी चूक आहे. माझी दोन्ही उदाहरणं नापास झाल्यावर मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा. तर हा माणूस म्हणतो, "एकच देव, हे पक्कं. त्याच्यातच बाप, पुत्र, आत्मा, आन त्याईच्यात सदाची माया, हे बी पक्कं. पन उदाहरन मलेही भेटलं नाही. जे पुरं माह्या डोक्यात मावलं, ते देव कसा म्हनू?"

आता तुमची लाडकी शंका. आठवडाभर पाप करायचं आणि रविवारी माफी मागून मोकळं व्हायचं, हे सोपं नाही का? मी शेजारच्या नत्थुजीनं तुमच्या वावराचा धुरा कोरून बांध आत सरकवला, तेच उदाहरण दिलं. (नत्थुजी ही गोष्ट उलटी सांगतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.) ते म्हणाले, माफी फुकट मिळते, पण स्वस्त नाही, ती द्यायला येशूनं जीव दिला. बायबलात जक्कय नावाचा एक लुबाडणारा वसुलीवाला आहे. येशू त्याच्या घरी जेवायला काय गेला, त्यानं उठून लोकांना चौपट परत द्यायचं कबूल केलं. माफी खरी असेल तर धुरा आपोआप जागेवर जातो. हे वाक्य मी नत्थुजीलाही कळवू का? तुमची हरकत नसेल तरच.

राहिली शेवटची शंका, पोरगी बाटवणार का. शांतवनराव हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "माही इच्छा हाय, लपवत नाही. पन बाप्तिस्मा काही हळद नोहे, दुसऱ्यानं लावाले. तिच्या मनातून आला तर ते सोताच मागीन. नाही आला तरी ते माह्या घरची सून हाय." आधी कोर्टात लग्न, मग चर्चमध्ये प्रार्थना, असं त्यांनी आणि पोरांनी ठरवलं आहे. तुम्हाला काय वाटेल ते वाटो, मला या माणसाचा भरवसा वाटला.

वहिनींना नमस्कार. गोळ्या वेळेवर घेत जा.

तुमचा जवाई,
खुशालराव

ता. क. निघताना त्यांना एक प्रश्न असा विचारला, जो तुम्हीही विचारला नव्हता. तुमच्या लग्नात मुलीच्या मामाला काही जागा आहे का? सगळ्याची उत्तरं देणारा माणूस गडबडला. म्हणाले, आमच्यात बाप मुलीला हात धरून आत आणतो, मामाचं काही नाही. मी म्हटलं, आमच्यात मुलीला मामा आणतो. त्यावर ते म्हणाले, "नव्हतं. पन आता ठेवू." तेव्हा माझी जागा मी तुम्हाला दिली आहे. धोतर चालेल.

ता. क. २. उत्तरं पटली नाहीत तरी या. मलाही सगळी पटलेली नाहीत, आणि तीन-एकचं तर बसमध्ये बडनेऱ्यापर्यंत मोजत आलो. तरी मी जाणार आहे.

दादा, मी पार्वता. यायनं येवढं काय लिवलं ते मी वाचलं नाही. माहे गुडघे अजून दुखतात, पन त्या मानसानं माहं नाव घेतलं हे मले बरं वाटलं. रागिणी म्हनते, मामा नाही आला तर बाबाचा बी हात धरनार नाही, तो हात मोकळाच ठेवून चालीन. तुले मालूम हाय ते कोनावर गेली. ये.